तळहातावरची दोन राज्ये

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांला माळव्यातील पवारांचा इतिहास दोन तांब्याच्या पैशांवर शिकविला. देवासला थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या; शहर एक, राज्ये दोन. १८७६ च्या कायद्यान्वये ब्रिटिश टांकसाळीत धारची नाणी १८८७ मध्ये व देवासच्या दोन्ही पात्यांची १८८८ मध्ये पाडली गेली. दर्शनी बाजूस व्हिक्टोरिया राणी; पातीचा निर्देश मागे.

गुरुजी थोरल्या पातीचा पैसा दाखवून मूठ मिटीत. उघडीत तेव्हा तो धाकटीचा झालेला असे. मी रहस्य विचारले तेव्हा ते म्हणाले, "अरे, आधी वर्षभर पैसा हातात लपवून वावर." अंगठ्याच्या व करंगळीच्या बुडांशी असलेल्या उंचवट्यांमध्ये तो धरावयाचा आणि त्याच हाताने दप्तर उचलावयाचे, पुस्तकाची पाने उलटावयाची. माझी बोटे ताठरत. शिवाय मी त्याच हाताकडे पाहत असे. प्रेक्षकांची नजर आपल्या नजरेमागून जाते, हे उमगावयास दुसरे वर्ष लागले.

हात बसल्यावर त्यांनी विचारले, "पैसा बदलला, राणी बदलली का?" मी निरुत्तर झालो. आपण पातीचे नाव वाचीत राहिलो, सत्ता मात्र दर्शनी बाजूसच होती.

१९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. पुढे शिक्षक झाल्यावर मीही हा प्रयोग वर्गात करीत आलो. मात्र शेवटी दोन्ही हात उघडून दाखवीत असे. गुरुजींचा तसा दंडक होता.