शेपटीवर टेकणारी विमाने

स्मरणिकेसाठी ‘सॉफ्टवेअर सोडून काहीही लिही’ असा निरोप ग्रुपवर आला, म्हणून माझ्या आवडीचा विषय घेतला: जुनी विमाने. त्याचं मूळ आपल्या नववीच्या वर्गातच आहे.

विज्ञानाच्या सरांनी एकदा छडी तळहातावर उभी करून दाखवली होती, आठवतं? माझी दर वेळी पडायची. सर म्हणाले, “अगं, ती पडल्यावर हात हलवतेस. कलायला लागली की हलव, आणि थोडासाच.”

आता १५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एकटेच जुहूला उतरले. विमान होतं ‘पस मॉथ’. एकच इंजिन, वर पंख, पुढे दोन चाकं आणि शेपटीखाली छोटासा आधार. रेडिओची मदत नाही. जुहू म्हणजे तेव्हा वाळलेल्या चिखलाचं मैदान.

त्या काळी बहुतेक विमानं अशीच होती. शेपूट खाली आणि नाक वर असलं की पंखा जमिनीपासून उंच राहतो, खडबडीत मैदान चालतं. खुल्या मैदानात वारा येईल त्या दिशेला तोंड करून उतरताही येतं.

पण या रचनेत एक खोड आहे. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. हातगाडी ओढली तर मुकाट मागे येते, ढकलली तर तिरकी पळते, तसंच हे. जमिनीवर धावताना नाक जरासं वळलं की मागचं वजन पुढे जाऊ पाहतं, वळण वाढतच जातं आणि विमान गर्रकन फिरतं. याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. त्यात चाकाचे पाय मोडतात, पंख जमिनीला घासतो. शिवाय वर आलेल्या नाकामुळे वैमानिकाला समोरचं नीट दिसत नाही. त्याला दोन्ही बाजूंच्या कडा पाहून दिशा सांभाळावी लागते.

उतरण्याच्या पद्धती दोन. एकीत जमिनीला अगदी लागून विमान तरंगत ठेवायचं, वेग मरू द्यायचा आणि दोन चाकं व शेपूट एकदम टेकवायची. घाई करून चाकं आधी आपटली तर शेपूट खाली जाते, पंखांना उचल मिळते आणि विमान पुन्हा उसळतं. दुसरीत शेपूट वर ठेवून मुख्य चाकं हलकेच टेकवायची आणि वेग कमी झाल्यावर शेपूट खाली आणायची. आडवा वारा असेल तर वाऱ्याकडचा पंख किंचित खाली आणि रडरने नाक सरळ. दोन्ही पद्धतींत पाय रडरवर जागे ठेवायचे. दुरुस्ती लहान, लवकर, आणि लगेच मागे घ्यायची. विमान पूर्ण थांबेपर्यंत उड्डाण संपलेलं नसतं.

पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई. मग टाटांची टपालसेवा पुण्याला हलायची, येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर. पुढे नाकाखाली चाक असलेली विमानं आली. त्यांत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने विमान आपोआप सरळ राहू पाहतं. १९४८ साली एअर इंडियाचं मुंबई-लंडन विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, अशाच बनावटीचं होतं. मात्र १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८व्या वर्षी, जेआरडींनी कराची-मुंबई प्रवास पुन्हा एकट्याने केला, तो शेपटीवर टेकणाऱ्या ‘लेपर्ड मॉथ’मधूनच.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका रात्री सर्व्हर जरा मंदावला. मी घाबरून एकदम चार बदल केले. पहाटेपर्यंत सगळंच बंद. चूक यंत्राची नव्हती. उशिरा आणि जास्त हात हलवला होता. तेव्हा छडी आठवली. आज हाताखालच्या मुलांना मी हेच शिकवते, पण सरांना हे कधी सांगितलं नाही.

सर मेळाव्याला येणार आहेत असं कळलंय. छडी मी घेऊन येते.