नगरपित्यांचा न्याय कोणी करावा?

मी शिक्षक होतो तेव्हाची एक गोष्ट प्रथम सांगतो. एका वर्गप्रमुखाविरुद्ध अशी तक्रार आली की, तो धाकट्या मुलांकडून खाऊ उकळतो. मी तो प्रश्न वर्गापुढेच ठेवला. वर्गाने एकमुखाने त्यास निर्दोष ठरविले. पुढे समजले की, त्या खाऊचे वाटेकरी वर्गात पुष्कळ होते! तेव्हा ‘यापुढे प्रत्येक तक्रार माझ्याकडेच आणावी’ असे मी फर्माविले. झाले! आठवड्याभरात पेन्सिलींचे नि टोपणनावांचे इतके कज्जे माझ्या टेबलाशी आले की, शिकविणे बाजूस राहिले.

लोकांनी निवडून दिलेल्या नगरपित्यांविरुद्धच्या तक्रारींचा इतिहासही याच वळणाने गेला आहे, असे म्हटले तर आपण हसाल. परंतु इंग्लंडची हकिकत ऐकावी. आपल्या नगरसंस्थांची घडण पुष्कळ अंशी तिकडील नमुन्यावर झालेली असल्यामुळे ती आपणांस परकी वाटणार नाही.

इंग्लंडात दीर्घकाळ अशी समजूत होती की, नगरसभेचा सभासद हा सभ्य गृहस्थ असावयाचाच. त्याच्या वर्तनासाठी निराळे नियम कशास हवेत? या समजुतीस मोठा तडा गेला तो १९७२ साली. जॉन पोल्सन नावाच्या वास्तुशिल्पज्ञाचे दिवाळे वाजले आणि त्याच्या कागदपत्रांतून लाचलुचपतीचे जाळेच बाहेर पडले. नगरसभांची बांधकामे मिळविण्यासाठी त्याने सभासद नि अधिकारी यांचे हात ओले केले होते. १९७४ साली तो तुरुंगात गेला; न्यूकॅसल नगरसभेचे एके काळचे पुढारी टी. डॅन स्मिथ यांनाही त्याच वर्षी सहा वर्षांची शिक्षा झाली.

त्यानंतर १९७५ साली सभासदांसाठी वर्तनाची राष्ट्रीय नियमावली निघाली. नगरसभांच्या गैरकारभाराची चौकशी करण्यासाठी लोकायुक्तासारखे अधिकारीही १९७४ च्या कायद्याने नेमण्यात आले. मात्र गंमत अशी की, त्यांच्याकडे जाणारी तक्रार सामान्यतः एखाद्या सभासदाच्या हातूनच पाठवावी लागे! ही अट १९८८ साली गेली.

पुढे नोलन समितीच्या १९९७ च्या अहवालावरून २००० साली नवा कायदा झाला आणि सर्व इंग्लंडसाठी एक मध्यवर्ती मंडळ स्थापन झाले. मोठ्या शहरापासून लहानशा खेड्याच्या पंचायतीपर्यंत सर्व सभासदांविरुद्धच्या तक्रारी तेथे जाऊ लागल्या. हेतू शुद्ध होता; परंतु लाच खाल्ल्याच्या आरोपाशेजारीच ‘अमका सभेत मला उर्मटपणे बोलला’ असलीही गाऱ्हाणी येऊन पडू लागली. प्रतिपक्षास नामोहरम करण्याचे ते एक सोयीस्कर हत्यारच झाले. अखेर २००८ साली प्राथमिक छाननी स्थानिक समित्यांकडे परत द्यावी लागली.

तोच कायदा लंडनचे महापौर केन लिव्हिंगस्टन यांसही लागू होता. एका ज्यू बातमीदारास त्यांनी छळछावणीतील पहारेकऱ्याची उपमा दिली, म्हणून २००६ साली न्यायपंचांनी त्यांना चार आठवडे निलंबित करण्याचा हुकूम दिला. उद्गार अनुदार होते, यात शंका नाही. परंतु लक्षावधी मतदारांनी निवडलेल्या पुरुषास मूठभर नेमलेल्या पंचांनी दूर सारावे काय, असा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला.

मग लंबक दुसऱ्या टोकास गेला. २०११ च्या कायद्याने ते मंडळ मोडण्यात आले आणि नियमावली करणे नि चौकशी करणे हे काम प्रत्येक नगरसभेकडे आले. निर्णयापूर्वी एका त्रयस्थ व्यक्तीचे मत घेण्याचे बंधन ठेविले. आर्थिक हितसंबंध लपविणे हा फौजदारी गुन्हा ठरला. परंतु निलंबनाचा अधिकार गेला. ठपका द्यावा, फार तर क्षमा मागण्यास सांगावे, आणि त्याने ती न मागितल्यास स्वस्थ बसावे! म्हणूनच सार्वजनिक जीवनातील आचारविषयक समितीने २०१९ साली सहा महिन्यांपर्यंत निलंबनाचा अधिकार द्यावा, अशी शिफारस केली.

आपल्याकडे वाट निराळी आहे. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने गैरवर्तन करणाऱ्या सभासदास वा अध्यक्षास दूर करण्याचा अधिकार राज्य शासनास दिला. तो केवढा जबर आहे, हे उरणच्या प्रकरणात दिसून आले. तेथील अध्यक्षांस पदावरून दूर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केला. लोकनियुक्त माणसास दूर करणे म्हणजे केवळ त्याचीच नव्हे, तर त्याच्या मतदारांचीही हानी होय. म्हणून आरोप भक्कम पुराव्याने सिद्ध झाला पाहिजे आणि त्याचे म्हणणे नीट ऐकले गेले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय आहे.

या साऱ्यावरून मला एवढेच दिसते की, सोबत्यांच्या हाती न्याय दिला तर भिडेचे भय, दूरच्या मंडळाकडे दिला तर क्षुल्लक गाऱ्हाण्यांचा पूर, आणि मंत्र्यांकडे दिला तर पक्षद्वेषाची शंका. तक्रार प्रथम जवळच चाळली जावी. जी गंभीर ठरेल तिचा निर्णय मात्र त्रयस्थाने द्यावा. शिक्षेस धार असावी. पण ती उगारण्यापूर्वी आरोपीचे ऐकून घेतले जावे.

माझ्या वर्गाचे पुढे काय झाले? मी दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकांस बोलाविले. त्यांनी त्या मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकले, धाकट्या मुलांचेही ऐकले आणि महिनाभर त्याचे प्रमुखपद काढून घेतले. निकाल त्या मुलानेही मान्य केला. कारण तो देणाऱ्याचा त्या खाऊत वाटा नव्हता.