मोराय आणि मारास

पेरू देशाच्या कुस्को विभागातील, उरुबांबा खोऱ्याच्या माथ्यावरच्या पठारावरील दोन शेजारी स्थळे. मोराय येथे इंकाकालीन वर्तुळाकार पायऱ्यांची शेती आहे, तर मारास गावाखालच्या घळीत मिठागरे. माचू पिक्चूकडे निघालेले बहुतेक प्रवासी वाटेत अर्ध्या दिवसात दोन्ही उरकतात. उरकण्याजोगी ही ठिकाणे नव्हेत. पण आखणी नीट केली, तर तेवढा वेळ पुरतो.

मोराय सुमारे ३,५०० मी. उंचीवर आहे. जमीन खचून नैसर्गिकरीत्या झालेल्या मोठ्या खड्ड्यांना इंकांनी दगडी ताली घालून आकार दिला. सर्वांत मोठे वर्तुळ सुमारे ३० मी. खोल आहे. तळापासून काठापर्यंतच्या तापमानात १५ अंश सेल्सिअसपर्यंत फरक पडतो, असे सांगतात, आणि त्यावरूनच ही इंकांची कृषी-प्रयोगशाळा असावी, असा तर्क निघाला. मानवशास्त्रज्ञ जॉन अर्ल्स यांनी तो मांडला. वाटाडे मात्र हा तर्क सिद्ध झाल्याच्या थाटात ऐकवतात. काही अभ्यासकांना हे धार्मिक विधींचे स्थान वाटते, आणि तेही मत तितकेच विचारात घेण्याजोगे आहे. वाद नाही तो पाण्याच्या निचऱ्याबद्दल: पावसाळ्यातही तळाशी तळे साचत नाही. तरीही २०१०च्या अतिवृष्टीत काही ताली ढासळल्या व त्या पुन्हा बांधाव्या लागल्या.

छायाचित्रांत मोरायचा आवाका कळत नाही. काठावर उभे राहून तालींच्या भिंतींतून बाहेर आलेले दगड शोधावेत. भिंतीत खोचलेल्या याच तिरक्या ओळीतल्या दगडांवरून शेतकरी एका पायरीवरून दुसरीवर जात. जिन्यासाठी वीतभर जमीनही वाया जात नसे. आता खाली उतरायला मनाई असल्याने वरच्या वाटेने फेरी मारावी, तासभर पुरतो. काठाजवळच पेरूचे नामवंत शेफ व्हिर्हिलिओ मार्तीनेस यांचे २०१८ साली सुरू झालेले ‘मिल’ हे रेस्तराँ आहे. तिथे जेवायचे असेल, तर अर्ध्या दिवसाचा बेत सोडून द्यावा.

मिठागरांत मजा वेगळी. उरणच्या मिठागरांत भरतीचे पाणी घेतात. येथे तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर, डोंगराच्या पोटातून निघणारा एक खारा झरा सगळा कारभार चालवतो. झरा इतका किरकोळ, की त्यावर चार हजारांहून अधिक वाफे पोसले जातात हे पटत नाही. अरुंद पाटातून पाणी उतरत जाते. ज्याचा वाफा, तो बांधाला बारीक तोंड पाडून पाणी घेतो आणि भरला की तोंड बुजवतो. पाणी उन्हाने आटले की पुन्हा भरायचे, असे महिनाभर चालते. मग थर खरवडतात. वरचे पांढरे मीठ स्वयंपाकाला आणि चढ्या भावाला, मधले गुलाबीसर, तळाचे मातकट. वाफे मारास व पिचिंगोतो येथील कुटुंबांकडे वंशपरंपरेने आहेत, आणि ही मिठागरे इंकांच्याही आधीची मानली जातात. पर्यटकांच्या वर्दळीने मीठ खराब होऊ लागल्यामुळे २०१९पासून वाफ्यांमधून फिरणे बंद आहे. सज्जांवरून पाहावे लागते. ठीकच आहे, ते लोकांच्या ताटातले मीठ आहे.

हंगाम सांभाळावा. मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत वाफे पांढरेशुभ्र दिसतात. पावसाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्च, मीठ पिकत नाही आणि घळ तपकिरी दिसते. मोराय मात्र तेव्हाच हिरवेगार असते.

कुस्कोहून चिंचेरोमार्गे मोरायला सव्वा ते दीड तास लागतो. टॅक्सी ठरवणे सोयीचे. स्वस्तात जायचे तर उरुबांबाकडे जाणाऱ्या सामायिक गाडीने मारास फाट्यावर उतरून तिथून टॅक्सी करावी. सकाळी आधी मोराय, मग मारास गावात कोरीव चौकटींचे वसाहतकालीन दरवाजे पाहायला थोडा थांबा, आणि शेवटी मिठागरे, हा क्रम चांगला. मोरायला कुस्को भागातील एकत्रित पर्यटन तिकीट चालते. मिठागरांचे तिकीट वेगळे, त्यासाठी रोख सोल (पेरूचे चलन) जवळ ठेवावेत. टोपी आणि पाणी हवेच, कारण दोन्हीकडे सावली नाही.

कुस्कोत उतरल्या दिवशीच ही सहल ठेवू नये. उंचीची सवय व्हायला एखाद-दोन दिवस द्यावेत. मिठागरे पाहून पुन्हा कुस्कोला परतण्यापेक्षा खाली उरुबांबाला किंवा ओयांतायतांबोला मुक्काम करावा. दोन्ही गावे कुस्कोपेक्षा कमी उंचीवर आहेत, आणि माचू पिक्चूची रेल्वे ओयांतायतांबोहून मिळते.