अस्त्र आणि दारूगोळा

वाल्मीकींच्या अरण्यकांडात जनस्थानावर खर-दूषण चाल करून येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर चौदा हजार राक्षस असतात आणि समोर राम एकटा असतो. युद्ध दीड मुहूर्तात संपते. आपल्या घड्याळाने हा अवधी सव्वा तासाचाही नाही. राम गांधर्वास्त्र सोडतो, दिशा बाणांनी झाकोळून जातात, आणि शेवटी खर पडतो तो इंद्राने दिलेल्या, अग्नीसारख्या तेजस्वी बाणाने. हे जनस्थान म्हणजे आपली पंचवटी, असे नाशिक परंपरेने मानत आले आहे. माणसाने न घडवलेली, दुसऱ्या लोकातून आलेली, एका प्रहाराने सैन्य नाहीसे करणारी शस्त्रे आजच्या विज्ञानकथांत परग्रहवासीयांच्या हाती असतात; आपल्याकडे ती गोदाकाठच्या कथेत फार पूर्वीपासून आहेत. मात्र १८८०च्या सुमारापासून या शस्त्रांकडे पाहण्याची एक वेगळीच रीत रुजली आहे. आग्नेयास्त्र म्हणजे तोफेचा गोळा, शतघ्नी म्हणजे तोफ, ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबाँब, असे समीकरण मांडले जाते आणि महाकाव्य हा दारूगोळ्याचा दस्तऐवज ठरवला जातो. या समीकरणाला पुराव्याचा आधार नाही, असे माझे म्हणणे आहे. शिवाय त्यामुळे दोन गोष्टींवर अन्याय होतो. एक म्हणजे अस्त्रांची विलक्षण प्रगल्भ कल्पना, आणि दुसरी म्हणजे याच नाशिकच्या परिसरात माणसांनी खरोखर केलेले दारूगोळ्याचे काम.

आधी अस्त्र कसे चालते ते पाहू. बालकांडात विश्वामित्र रामाला अस्त्रे देतात तेव्हा ती देहधारी होऊन हात जोडून उभी राहतात. काही निखाऱ्यासारखी, काही धुरासारखी, काही चंद्रसूर्यासारखी दिसतात. मी मनात आणीन तेव्हा या, असे सांगून राम त्यांना निरोप देतो. मग तो अस्त्रे मागे घेण्याचे मंत्रही मागून घेतो, कारण सोडण्याची विद्या एकटी अपुरी आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात सगळे संकट याच मुद्द्यावर येऊन ठेपते. अर्जुन आपले अस्त्र परत घेऊ शकतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही, कारण त्याच्यापाशी तेवढा संयम नाही. म्हणून ते अस्त्र पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर जाऊन आदळते. द्रोणपर्वातले नारायणास्त्र तर शस्त्र खाली ठेवणाऱ्याला स्पर्शच करत नाही. जो लढत राहतो त्याच्यावर ते अधिक भडकते. सुटलेला गोळा परत बोलावता येत नाही, समोरच्याने हात जोडले म्हणून तो वळत नाही, आणि तोफ डागणाऱ्याचे चारित्र्यही तपासत नाही. एवढा मूलभूत फरक असताना एकाचे वर्णन दुसऱ्याला लावायचे तर कथेचा गाभाच काढून टाकावा लागतो. नाश करण्याची ताकद कोणाच्या हाती द्यावी, ती आवरता येत नसेल तर काय होते, हा या कथांचा प्रश्न आहे. धूर आणि ज्वाळा हा त्या प्रश्नाचा केवळ वेष आहे.

आता दारूकडे वळू. बंदुकीच्या दारूला गंधक, कोळसा आणि सोरा हे तीन पदार्थ लागतात, आणि तिन्हींत निर्णायक सोरा. ज्वलनाला लागणारा प्राणवायू तो स्वतःच पुरवतो, म्हणून कोंडलेल्या नळीतही दारू पेटते. सोरा नसेल तर आग लागते, स्फोट होत नाही. हा फरक ध्यानात ठेवून कौटिल्याचे अर्थशास्त्र वाचावे. हा ग्रंथ कवीचा नाही. वेढा कसा घालावा, किल्ला कसा जाळावा, हे तो थंड डोक्याने सांगतो. पक्ष्यांच्या शेपटांना ज्वालाग्राही मिश्रण बांधून त्यांना शत्रूच्या किल्ल्यातल्या घरट्यांकडे सोडावे, इतक्या बारीकसारीक युक्त्या त्यात आहेत. त्या मिश्रणात सरल आणि देवदार यांची लाकडे, गुग्गुळ, राळ, लाख, गाढव-उंट-शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्या असे सगळे आहे. सोरा नाही. युद्धाने किल्ला हाती येत असेल तर आग लावू नये, आगीचा भरवसा नसतो, असेही तो बजावतो. स्फोटकांचे ज्ञान देशात असते तर ज्याने लेंड्यासुद्धा यादीत घेतल्या त्याने ते वगळले असते, हे मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप शतघ्नीचा येतो: एका वेळी शंभरांना मारणारे यंत्र तोफेवाचून दुसरे काय असणार? पण याच अर्थशास्त्रात शतघ्नी चल यंत्रांच्या यादीत मुद्गर, गदा, त्रिशूळ, चक्र यांच्या रांगेत बसली आहे, आणि तटावरून लोटायचा खिळे ठोकलेला अवजड खांब असा तिचा अर्थ टीकाकारांनी दिला आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शुक्रनीतीत नळीचे शस्त्र आणि दारूची प्रमाणासह कृती स्पष्ट शब्दांत सापडते. मद्रासचे संस्कृत प्राध्यापक गुस्ताव ऑपर्ट यांनी १८८०मध्ये याच आधारावर प्राचीन भारतीयांकडे दारू होती असे प्रतिपादन केले, आणि आजही बहुतेक दावे कळत-नकळत त्यांच्याच पुस्तकावर उभे असतात. या उताऱ्यांच्या प्राचीनत्वावर राजेंद्रलाल मित्रांनी शंका घेतली, पुढे प्रफुल्लचंद्र रायांनीही घेतली. हे दोघेही भारतीय परंपरेचे अभिमानी होते, हे विसरू नये. १९६२मध्ये लल्लनजी गोपाल यांनी तर उपलब्ध शुक्रनीती एकोणिसाव्या शतकातली रचना असल्याचे मांडले. हे शेवटचे मत ज्यांना टोकाचे वाटते त्यांनाही एवढे मान्य करावे लागेल, की ज्या ग्रंथाचा काळच वादात आहे त्यावर प्राचीनत्वाची इमारत उभी राहत नाही.

मग तिसरा आक्षेप येतो, की हे ज्ञान होते पण गुप्त ठेवले गेले आणि हरवले. याचे उत्तर भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी दिले आहे, जरी त्यांचा हेतू वाद घालण्याचा नव्हता. भारतातल्या आतषबाजीचा इतिहास शोधताना त्यांनी ओडिशाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरचा कौतुकचिंतामणी पुढे आणला. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या या संस्कृत ग्रंथात शोभेच्या दारूच्या कृती पदार्थांसकट दिल्या आहेत. दारू माहीत झाली तेव्हा पंडितांनी ती संस्कृतात बिनदिक्कत लिहून ठेवली. लपवण्याची प्रथा दिसत नाही. गोड्यांनी दिलेला दुसरा दाखला मराठी वाचकाला जवळचा आहे. १५७१च्या रुक्मिणीस्वयंवरात एकनाथ कृष्णाच्या लग्नात आतषबाजी उडवतात. हीच नाशिकहून वाहणारी गोदा पैठणला नाथांच्या दारावरून जात होती आणि त्यांच्या काळात लग्नात दारू उडत होती. तीच त्यांनी द्वारकेच्या राजाला प्रेमाने देऊन टाकली. जुन्या कथेत नवी वस्तू शिरते ती अशी. कथेत वस्तू दिसली म्हणून ती कथेइतकी जुनी ठरत नाही.

खरी दारू नाशिकजवळ कशी वापरली गेली, याची सर्वांत बोलकी साक्ष रामसेजची आहे. पेठ रस्त्याजवळ, आशेवाडीच्या डोक्यावर उभा असलेला हा बुटका डोंगर. नाव रामाच्या शेजेवरून पडलेले, म्हणजे अस्त्रांच्या कथेच्याच प्रदेशातला किल्ला. १६८२मध्ये औरंगजेबाच्या वतीने शहाबुद्दीनखानाने त्याला वेढा घातला. सुरुंग, मोर्चे, लाकडी दमदमा असे सगळे उपाय झाले. त्याच्या जागी खानजहान बहादूर आला, तोही थकला. किल्ला अनेक वर्षे झुंजला आणि अखेर गेला तो पैशाने. खाफीखानाने नोंदवले आहे की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा मराठ्यांनी झाडांचे बुंधे पोखरून, त्यांवर कातडे चढवून तोफा केल्या आणि त्यांनी दहा तोफांचे काम दिले. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा लेखक. शत्रूची स्तुती करण्याचे त्याला कारण नव्हते. त्याचा ग्रंथ घटनेनंतर सुमारे पन्नास वर्षांनी पुरा झाला, म्हणून दहा हा आकडा सैल धरावा, हे मान्य. लाकडाची तोफ मुळात शक्य आहे का, असे कोणी विचारील. १६२०च्या दशकात स्वीडनच्या गुस्ताव्हस अडॉल्फसच्या सैन्यात पातळ तांब्याच्या नळीवर दोर आणि कातडे आवळलेल्या हलक्या तोफा होत्या, आणि १८७६च्या उठावात बल्गेरियन गावकऱ्यांनी चेरीच्या खोडांच्या तोफा केल्या. अशा तोफेचे आयुष्य थोड्या बारांचे असते. भरणा कमी ठेवावा लागतो, मारा जवळचा असतो. पण उंच कड्यावरून, खालून चढणाऱ्या माणसांवर मारायचे असेल तर जवळचा मारा पुरतो. कातड्याचा आवळ खोड फुटण्यापासून काही वेळ वाचवतो, हे ज्याला सुचले त्याला दारूचा दाब हाताला माहीत होता. त्या माणसाचे नाव इतिहासाने ठेवले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

याच वेढ्यात खाफीखान आणखी एक प्रसंग सांगतो. भुतेखेते वश असल्याचा दावा करणाऱ्या एकाने खानजहानला सोन्याचा नाग करवून घ्यायला लावले आणि तो हातात धरून सैन्याला निर्वेधपणे दरवाजापर्यंत नेण्याची हमी दिली. तो निघालाही, पण गोफणीचा धोंडा छातीवर बसला, नाग हातातून उडाला आणि मांत्रिक कोसळला. मंत्राने चालणारे शस्त्र आणि हाताने चालणारे शस्त्र एकाच कड्याखाली समोरासमोर आल्याचा असा दाखला क्वचितच मिळेल.

खऱ्या दारूगोळ्याला रोजची राखण लागते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घराजवळ नसावा असे बजावले आहे. हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण, हुके बाहेर काढावेत, त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावेत, असाही त्यात दंडक आहे. बाण म्हणजे दारूचे उडते अग्निबाण, हुके म्हणजे हातबाँब. सह्याद्रीच्या पावसात ओली झालेली दारू मातीमोल होते, म्हणून हे शब्द लिहावे लागले. महाकाव्यात अस्त्रांना कोणी ऊन दिल्याचे वर्णन नाही. अक्षय भात्याला कोठार लागत नाही. ज्या समाजात खरोखर स्फोटके असतात तिथे कोठार, पहारेकरी, हिशेब आणि अपघात यांच्या खुणा उरतातच.

ज्ञानाच्याही खुणा उरतात. १९०९मध्ये नाशिकात बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीत बाँब बनवण्याच्या कृतीची टंकलिखित इंग्रजी प्रत सापडली. कलकत्त्याच्या क्रांतिकारकांच्या माणिकतळ्याच्या बागेत मिळालेल्या पुस्तिकेचीच ती नक्कल होती. सेनापती बापट आणि हेमचंद्र दास यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून ही विद्या मिळवली होती. एका कृतीने तीन देश ओलांडले आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस, कागद आणि अखेरीस पोलिसांची नोंद मागे ठेवली. गुप्तता हा ज्यांचा श्वास होता त्यांनाही विद्येचा माग पुसता आला नाही. अख्ख्या उपखंडाने हजारो वर्षे तो पुसला, असे मानायचे तर फार मोठे गृहीत धरावे लागते.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे, आणि मी तो हलका मानत नाही. इतकी तपशीलवार कल्पना कोऱ्या मनातून कशी सुचेल? ब्रह्मशिर हे अस्त्र आणि त्याचे प्रतिअस्त्र भिडले तिथे बारा वर्षे पाऊस पडत नाही, हे तर किरणोत्साराचेच वर्णन वाटते, असे म्हणतात. परंतु अवर्षण हे अधर्माचे फळ म्हणून आपल्या पुराणांत ठिकठिकाणी येते, जिथे शस्त्राचा संबंधही नसतो. आणि कल्पनेच्या शक्तीबद्दल एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१४च्या कादंबरीत अणुबाँब लिहिला. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी ती १९३२मध्ये वाचली, आणि १९३३मध्ये त्यांना साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. म्हणून १९१४च्या इंग्लंडात अणुबाँब होता असे कोणी म्हणत नाही. वेल्स दूरचे पाहू शकले असे म्हणतात. हाच मान व्यासांना आणि वाल्मीकींना का देऊ नये? त्यांना वृत्तांत लिहिणारे ठरवणे म्हणजे त्यांची प्रतिभा काढून घेणे.

या कल्पनेचा वारसा घेण्याची योग्य रीतही आपल्याकडे आहे. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने घडवलेल्या अग्निबाण प्रणालीला शिवाच्या धनुष्यावरून पिनाक नाव दिले. नाव पुराणातले, गणित आजचे, आणि दोन्हींची गल्लत नाही. काकूलहून देवळालीला आलेल्या तोफखाना विद्यालयात पल्ला, कोन आणि भरणा शिकवला जातो. तिथे मंत्राला जागा नाही. २०२१मध्ये नाशिकला भरलेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद जयंत नारळीकरांना दिले गेले. त्यांनी यक्षांना विज्ञानकथेत आणले, आणि प्राचीन ग्रंथांतल्या अस्त्रवर्णनांवरून प्रगत विज्ञानाचा दावा करणाऱ्यांकडे ठोस पुरावाही मागितला. या दोन्ही गोष्टी एकाच लेखकाला करता आल्या, कारण कथा कुठे संपते हे त्यांना ठाऊक होते.

नाशिकच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. पंचवटीला मुलांची सहल नेता तेव्हा अश्वत्थाम्याचे आणि नारायणास्त्राचे आख्यान सविस्तर सांगा, कथा म्हणून सांगा. आणि त्याच दिवशी त्यांना रामसेजवर चढवा, कातडे चढवलेल्या लाकडी तोफांची हकिगत तिथेच, कड्यावर उभे राहून सांगा.