असभ्य वा हिंसक रुग्ण : उपचार केव्हा नाकारता येतात, केव्हा नाही

नवी दिल्ली : स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यावर ओरडणारा, परिचारिकेला शिवीगाळ करणारा किंवा डॉक्टरांच्या अंगावर धावून जाणारा रुग्ण अथवा नातेवाईक हा भारतातील दवाखान्यांना नवा नाही. अशा व्यक्तीवर उपचार करणे बंधनकारक आहे का, ते नाकारता येतात का आणि पोलिसांना केव्हा बोलवावे, या प्रश्नांची उत्तरे मात्र अनेकदा प्रसंग ओढवल्यानंतरच शोधली जातात. सध्याच्या नियमांचे सार असे, की डॉक्टरांना अशा रुग्णाच्या उपचारांतून बाजूला होता येते. परंतु रुग्णाच्या जिवाला धोका असताना नाही आणि पूर्वसूचनेशिवायही नाही.

आधी कारण शोधणे आवश्यक

आक्रमक वर्तन हे अनेकदा आजाराचेच लक्षण असते. रक्तातील साखर एकाएकी खालावलेला मधुमेही, डोक्याला मार लागलेला अपघातग्रस्त, जंतुसंसर्गामुळे भ्रमिष्ट झालेला वृद्ध किंवा मद्यपान अचानक थांबल्याने कंप व भास होत असलेला रुग्ण आपल्या वागण्यावर ताबा ठेवू शकत नाही. त्यामुळे एरवी शांत असलेली व्यक्ती अकस्मात आक्रमक झाल्यास रक्तातील साखर, प्राणवायूची पातळी, तापमान आणि रक्तदाब तपासणे हे पहिले पाऊल ठरते. असा रुग्ण हाकलून देणे म्हणजे तातडीच्या रुग्णाला उपचार नाकारणेच होय.

मनोविकाराच्या रुग्णांबाबत मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ लागू होतो. रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला तातडीचा धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कमाल ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. रुग्णाला बांधून ठेवण्याचा उपाय मात्र तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच योजता येतो. शिक्षा म्हणून तो वापरण्यास मनाई आहे. रुग्णाला एकांतात कोंडून ठेवण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे.

वाद वाढू न देण्याची पद्धत

आजार हे कारण नसेल, तेव्हा बहुतेक वादांच्या मुळाशी दीर्घ प्रतीक्षा, अनपेक्षित देयक, वाईट बातमी किंवा माहितीचा अभाव असतो. अशा वेळी एकाच कर्मचाऱ्याने शांत स्वरात बोलावे, समोरच्याचे म्हणणे मध्येच न तोडता ऐकावे, काय शक्य आहे व काय नाही हे स्पष्ट सांगावे आणि खोटे आश्वासन देऊ नये, असे प्रशिक्षणात शिकवले जाते. बोलणाऱ्याने हाताच्या अंतराहून दूर उभे राहावे, दार आपल्या पाठीशी मोकळे ठेवावे आणि इतर रुग्णांना तेथून हलवावे, ही खबरदारीही तितकीच महत्त्वाची. शिवीगाळ सुरू राहिल्यास मर्यादेची जाणीव एकदा स्पष्ट शब्दांत द्यावी. शस्त्र दिसल्यास किंवा मारहाण सुरू झाल्यास समजूत घालणे थांबवून बाहेर पडावे आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

केरळमधील कोट्टारक्कारा तालुका रुग्णालयात १० मे २०२३ रोजी पोलिसांनीच उपचारासाठी आणलेल्या व्यक्तीने केलेल्या हल्ल्यात एका तरुण महिला डॉक्टरचा मृत्यू झाला. पोलीस सोबत आहेत म्हणून धोका नाही, असे गृहीत धरता येत नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

उपचार नाकारण्याची चौकट

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टर प्रत्येक व्यक्तीवर उपचार करण्यास बांधील नाही. तो रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला देऊ शकतो. मात्र मनमानी पद्धतीने उपचार नाकारता येत नाहीत आणि तातडीच्या प्रसंगी उपचार करावेच लागतात. एकदा उपचार हाती घेतल्यावर रुग्णाला व कुटुंबीयांना पुरेशी सूचना दिल्याशिवाय ते सोडता येत नाहीत. तातडीचे उपचार हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या नव्या नियमावलीत शिवीगाळ वा हिंसा करणाऱ्या रुग्णावर अथवा नातेवाइकांच्या अशा वर्तनामुळे उपचार नाकारण्याची मुभा थेट शब्दांत दिली होती. घटनेची नोंद करून रुग्णाला अन्यत्र पाठवावे, अशी अट त्यात होती. तथापि, त्याच महिन्यात या नियमावलीला स्थगिती देण्यात आली आणि २००२ ची आचारसंहिताच पुन्हा लागू झाली.

प्रत्यक्षात याचा अर्थ असा : उपचार थांबवण्याचे कारण आणि तारीख लेखी कळवावी, पर्यायी डॉक्टर शोधण्यास वाजवी मुदत द्यावी, त्या काळात आवश्यक औषधे खंडित होऊ देऊ नयेत आणि वैद्यकीय कागदपत्रे द्यावीत. मागणी केल्यापासून ७२ तासांत ही कागदपत्रे देणे आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. नातेवाइकाच्या गैरवर्तनाची शिक्षा रुग्णाला होणार नाही, हेही पाहावे लागते. बहुतेक वेळा त्या नातेवाइकाला प्रवेश नाकारणे पुरेसे ठरते.

कायद्याचे संरक्षण

आंध्र प्रदेश व दिल्ली (२००८), कर्नाटक (२००९) आणि महाराष्ट्र (२०१०) यांच्यासह अनेक राज्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरोधात स्वतंत्र कायदे आहेत. महाराष्ट्रातील कायद्यानुसार हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असून, तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. उपकरणांची हानी झाल्यास खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. हिंसेच्या व्याख्येत धमकावणे व कामात अडथळा आणणे यांचाही समावेश आहे. केरळने २०२३ च्या दुरुस्तीत शाब्दिक गैरवर्तनही शिक्षापात्र ठरवले.

याशिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ (धमकी), कलम ३५२ (शांतताभंगास चिथावणी देणारा अपमान) आणि सरकारी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांबाबत कलम १३२ (लोकसेवकावर हल्ला) लागू होऊ शकते. केंद्र सरकारच्या अखत्यारीतील रुग्णालयांत हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेने गुन्हा नोंदवण्याची जबाबदारी ऑगस्ट २०२४ मध्ये संस्थाप्रमुखांवर टाकण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात नेमलेल्या राष्ट्रीय कृती दलाने मात्र स्वतंत्र केंद्रीय कायद्याची गरज नसल्याचे मत नोंदवले.

नोंद हाच मुख्य पुरावा

तक्रार टिकण्यासाठी घटनेची वेळ, उच्चारलेले नेमके शब्द, साक्षीदारांची नावे आणि सीसीटीव्ही चित्रण त्याच दिवशी जतन करणे आवश्यक असते. वैद्यकीय नोंदीत ‘रुग्ण उद्धट आहे’ असा शेरा लिहिण्याऐवजी प्रत्यक्ष घडलेले वर्तन लिहावे. इजा झालेल्या कर्मचाऱ्याची वैद्यकीय तपासणी करून त्याचा अहवाल घ्यावा.

असमाधानी रुग्णांनाही दाद मागण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. डॉक्टरांच्या वर्तनाविरुद्ध राज्य वैद्यक परिषदेकडे, तर सशुल्क सेवेतील त्रुटीबाबत ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार करता येते. महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांना २०२१ च्या नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे लागते. हे दोन फलक आणि तक्रार कोणाकडे करावी याची माहिती प्रवेशद्वाराशीच मिळाली, तर स्वागतकक्षातील अनेक वाद सुरू होण्यापूर्वीच मिटू शकतात.