डिजिटल नकाशांचे जतन : कॅनडाचा धडा

कागदावरचा नकाशा दप्तरात शंभर वर्षे पडून राहिला, तरी उलगडून वाचता येतो. संगणकातील नकाशाचे तसे नाही. माहिती साठवलेली फीत, ती वाचणारे यंत्र आणि तिचा अर्थ लावणारी प्रणाली यांपैकी एक जरी कालबाह्य झाले, तरी नकाशा हातचा जातो. कॅनडा सरकारने हा अनुभव घेतला आहे.

कोणती जमीन शेतीला, वनांना वा वन्यजीवांना योग्य, हे ठरवण्यासाठी कॅनडाने १९६०च्या दशकात ‘कॅनडा लँड इन्व्हेंटरी’ ही पाहणी हाती घेतली. तिचे क्षेत्र सुमारे २५ लाख चौरस किलोमीटर होते. शेतीच्या दृष्टीने मातीची सात वर्गांत प्रतवारी झाली. हजारो नकाशांचे विश्लेषण हाताने करणे अशक्य असल्याने रॉजर टॉमलिन्सन यांच्या कल्पनेतून संगणकीय प्रणाली उभी राहिली. ‘जीआयएस’ अर्थात भौगोलिक माहिती प्रणालीची ती सुरुवात मानली जाते.

१९९०च्या दशकात ही प्रणाली बंद झाली. माहिती चुंबकीय फितींवर शिल्लक होती; परंतु तिची मांडणी केवळ याच प्रणालीपुरती असल्याने ती अन्य संगणकांना वाचता येईना. अखेर जुन्या प्रणालीचे जाणकार आणि राष्ट्रीय अभिलेखागारासह काही सरकारी खात्यांनी मिळून तिचे नव्या स्वरूपात रूपांतर केले. पुढे ती इंटरनेटवर सर्वांना खुली झाली.

या खटाटोपाचे मोल काय? ऑन्टारिओ प्रांतातील पहिल्या प्रतीच्या शेतजमिनीपैकी १८ टक्क्यांहून अधिक जमीन १९९६पर्यंत शहरी वापराखाली गेल्याचे कॅनडाच्या सांख्यिकी खात्याने दाखवून दिले. जमिनीची मूळ प्रतवारी हाती असल्यामुळेच असा हिशेब मांडता येतो.

यातून जतनाची काही पथ्ये स्पष्ट होतात. माहिती एकाच कंपनीच्या वा यंत्रणेच्या साच्यात अडकू नये. सर्वेक्षण केव्हा, कोणी, कोणत्या प्रमाणावर केले, याची नोंद नकाशासोबतच हवी. पृथ्वीच्या आकाराचे कोणते गणित आधाराला धरले, हेही नोंदवावे लागते. भारतात जुने स्थलदर्शक नकाशे ‘एव्हरेस्ट’ गणितावर आधारलेले आहेत, तर २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने खुल्या नकाशांसाठी ‘डब्ल्यूजीएस-८४’ स्वीकारले. ही नोंद हरवल्यास दोन नकाशांवर एकच ठिकाण वेगवेगळ्या जागी दिसते.

संगणकावर नवी दुरुस्ती जुन्या नोंदीवरच लिहिली जाते. म्हणून ठरावीक काळाने संपूर्ण नकाशाची दिनांकित प्रत वेगळी काढणे, ती एकाहून अधिक ठिकाणी ठेवणे आणि वेळोवेळी नव्या माध्यमावर उतरवणे आवश्यक ठरते.

नदीची पूररेषा, रस्त्याची हद्द किंवा आरक्षित भूखंड यांविषयी वाद उद्भवतो, तेव्हा आजचा नकाशा पुरेसा नसतो. त्या वर्षी काय होते, हे पाहावे लागते. त्यामुळे जतनाची तरतूद नकाशा तयार होतानाच व्हायला हवी. प्रणाली बंद पडल्यावर आणि तिचे जाणकार निवृत्त झाल्यावर ती करणे फार अवघड होऊन बसते.