देठ सांभाळणारी शस्त्रक्रिया

आंब्याचे भेटकलम आपण पाहिलेच असेल. खुंटाशी एकजीव होईपर्यंत फांदी मातृवृक्षापासून तोडत नाहीत. फैजपूरच्या बांधावरचे हे तत्त्व शस्त्रक्रियेतही आहे.

टिपूविरुद्धच्या १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी पकडला गेला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ वीटकऱ्यांच्या जातीतील एका शल्यकाराने मेणाच्या पातळ पापुद्र्याने माप घेऊन कपाळाची त्वचा सोडवली व खाली वळवली. भुवयांमधला तिचा देठ मात्र राखला, कारण त्यातूनच तिला रक्त मिळत होते. त्वचा रुजल्यावर, सुमारे २५व्या दिवशी, देठ कापला. ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मधील या हकिकतीत रुग्णाचे नाव आहे, शल्यकाराचे नाही.

ओघळलेले स्तन उचलतानाही असाच देठ सांभाळतात. जादा त्वचा काढून स्तनाग्र ऊतींच्या देठासह वर सरकवतात. रक्तपुरवठा तुटला, तर ते मरते. सिलिकोनचे रोपण १९६२ साली ह्यूस्टनला प्रथम झाले. त्याने आकारमान वाढते. फार ओघळलेला स्तन केवळ त्याने उचलला जात नाही, उलट भार वाढतो. रोपण जन्मभर टिकेलच असेही नाही.

स्तन ओघळणे हा आजार नव्हे. वय, गर्भारपणे व वजनातील चढउतार यांनी त्वचा आणि आतील बंध सैल होतात. स्तनपानाने असे होते, ही समजूत अभ्यासात टिकलेली नाही. विद्यार्थिनींना एवढे तरी वर्गात अवश्य सांगावे.